चमच्यानं तुटलेला दात

माझा वरच्या रांगेतला पुढचा डावा दात खोटा आहे. शेजारच्या दातांपेक्षा तो किंचित जास्त पांढरा दिसतो. वर्गातल्या मुलांच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही पडला होतात का?" चार वर्षं मी "हो" म्हणत आले. पडले होते हे खरं, पण दात पडल्यामुळे तुटला नव्हता. मला फिट आली होती आणि दातखीळ सोडवण्यासाठी आमच्या चित्रकलेच्या सरांनी डब्यातला स्टीलचा चमचा माझ्या तोंडात घातला होता. त्या चमच्यानं दात तुटला.

सर फार चांगले आहेत. त्या दिवशी खोलीतली निम्मी माणसं बाहेर पळाली, सर पुढे आले. म्हणूनच त्यांना खरं सांगायचं माझ्या जिवावर यायचं. गेल्या महिन्यात एकदाचं सांगितलं, आणि त्यांनीच "लिहा" म्हटलं म्हणून हे लिहितेय.

त्या दिवशी मधली सुट्टी संपत आली होती. स्टाफरूममध्ये मी आठवीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. आधी पोटातून काहीतरी वर चढत गेलं, आकाशपाळणा वरून खाली येताना होतं तसं. मग जळक्या रबराचा वास आला. हा वास खोलीत कुठेच नसतो. कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग असतो, तिथल्या पेशी एकाच वेळी भलत्याच जोरात विद्युतसंदेश सोडायला लागल्या की मला तो येतो. माझी फिट बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबते. मिनिटभर मी समोर बघत असते पण मला काही कळत नसतं, ओठांची हालचाल होते, हात ओढणीचं टोक चुरगाळत राहतो, आणि मग मी परत येते. शेजारी बसलेल्या माणसाला वाटतं, मॅडम विचारात आहेत. त्या दिवशी मात्र ती लाट तिथे थांबली नाही, सगळ्या मेंदूत पसरली.

पुढचं सगळं मी इतरांकडून ऐकलेलं आहे. मी मोठ्यानं किंचाळले आणि खुर्चीवरून खाली आले. ती किंकाळी वेदनेची नसते, हे मला प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. छातीचे स्नायू एकदम आवळतात, आतली हवा स्वरयंत्रातून जोरानं बाहेर पडते, त्याचा तो आवाज. मला त्या वेळी काहीही दुखत नसतं. मग अंग ताठ झालं, श्वास अडकल्यासारखा झाला, ओठ निळे पडले आणि झटके सुरू झाले. दोघांनी माझे पाय दाबून धरले, एकीनं हात. कुणीतरी नाकाशी उग्र वासाचं काहीतरी धरलं. आणि सर चमचा घेऊन आले, कारण "जीभ गिळली जाईल" असं ते लहानपणापासून ऐकत आले होते.

जीभ गिळली जात नाही. ती खाली जबड्याला घट्ट बांधलेली असते. चावली जाते, कडेला जखम होते, ती आठवड्याभरात भरून येते. पण फिटमध्ये जबडा असा आवळलेला असतो की त्यात घातलेली वस्तू आत गेली तर दात तुटतो, आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. माझा तुकडा सुदैवानं ओठाच्या आत अडकला होता. शुद्धीवर आले तेव्हा वर पंखा फिरत होता, तोंडात रक्ताची चव होती आणि जिभेला वाळूसारखं काहीतरी लागत होतं. आपण कुठे आहोत, कोणता वार आहे, ही माणसं अशी का बघताहेत, काहीच कळत नव्हतं. मी रडायला लागले. दात तर गेलाच, उजवा खांदाही पुढे तीन आठवडे वर होत नव्हता, कारण झटके चालू असताना तो दाबून धरला होता.

फिट किती वेळ चालली, हे मी नंतर सगळ्यांना विचारलं. एक म्हणाली दहा मिनिटं. एक म्हणाला अर्धा तास तरी असेल. घड्याळ कुणीच पाहिलं नव्हतं. माझ्या घरच्यांनी टिपून ठेवलेल्या मोठ्या फिट्स सगळ्या दोन मिनिटांच्या आतल्या आहेत. बहुतेकांची फिट अशीच एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. आणि आपोआप थांबते म्हणूनच इतक्या गैरसमजुती टिकून आहेत, असं मला वाटतं. थांबण्याच्या क्षणी ज्याच्या हातात जे असेल त्याला श्रेय जातं. वास देणारा म्हणतो वासानं थांबली, हात दाबणारा म्हणतो दाबल्यानं थांबली. सरांनाही चार वर्षं वाटत होतं की चमच्यानं माझा जीव वाचवला.

आता त्याच्या आधीच्या दोन दिवसांबद्दल लिहायला हवं, कारण त्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

आदल्या दोन दिवशी आम्हा शिक्षकांचं निवासी प्रशिक्षण होतं. एका खोलीत चौघी. मी सकाळ-संध्याकाळ लेव्हेटिरासिटॅम ही फिट रोखणारी गोळी घेते. ती गोळी मी तेव्हा मूळ पाकिटात ठेवत नसे. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या एका रिकाम्या डबीत सोलून टाकत असे. ही सवय चौदाव्या वर्षापासूनची. आईनंच लावलेली. निदान झालं त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाली होती, "औषध नीट घे, पण कुणाला सांगू नकोस हं." तिचं प्रेमच होतं ते. तिला माझ्या फिटपेक्षा लोकांची जास्त भीती वाटायची, आणि तिनं जे आयुष्यभर पाहिलं होतं त्यावरून ती भीती चूक होती असं मी म्हणणार नाही. तर त्या प्रशिक्षणात पहिल्या रात्री डबी काढली आणि शेजारची सहज म्हणाली, "कसली गं गोळी? मलाही दे एक, हल्ली फार थकवा येतो." मी डबी परत पिशवीत टाकली. त्या रात्रीची गोळी राहिली. दुसऱ्या सकाळचीही राहिली, कारण खोलीत सतत कुणीतरी होतं. रात्री दीडपर्यंत गप्पा चालल्या. औषध चुकणं आणि झोप तुटणं, फिटला निमंत्रण देणाऱ्या या दोन सगळ्यात ओळखीच्या गोष्टी, त्या मी एकाच वेळी केल्या. का, तर कुणाला कळू नये म्हणून.

म्हणून माझ्या दाताचा हिशोब मी एकट्या सरांच्या नावावर मांडत नाही.

या आजाराला आपल्याकडे किती नावं आहेत पाहा. फिट, आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार. बोलताना लोक नाव घेणं टाळतात, "तिला तसं होतं ना" असं म्हणतात. मला स्वतःला अपस्मार हा शब्द आवडतो. 'अप' म्हणजे दूर जाणं आणि 'स्मार' म्हणजे स्मृती. चरकसंहितेत चिकित्सास्थानात त्यावर वेगळा अध्याय आहे. शब्दात दोष नाही, शिवी नाही, जे घडतं ते सांगितलेलं आहे. आठवण काही क्षण दूर जाते, खरोखरच तसंच होतं. ग्रीक भाषेतून आलेल्या एपिलेप्सी या शब्दाचा अर्थ मात्र 'पकडलं जाणं'. कुणीतरी बाहेरून येऊन पकडतं, ही कल्पना जगभर होती. बाधा, शाप, पाप. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी हिपोक्रॅटिसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की हा आजार इतर आजारांपेक्षा काही जास्त दैवी नाही, त्याचं कारण मेंदूत आहे. चोवीसशे वर्षं झाली! मलेशियात या आजाराला 'गिला बाबी' म्हणत आले, वेडं डुक्कर. कोरियात डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून जुना शब्दच टाकून दिला आणि 'मेंदूतल्या विजेचा विकार' अशा अर्थाचा नवा शब्द रूढ केला. शब्द बदलल्यानं माणसं बदलतात का, मला सांगता येणार नाही. पण एखाद्या मुलीला दवाखान्याच्या कागदावर स्वतःच्या आजाराचं नाव वाचताना मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठीसुद्धा मी ते करीन.

लग्नाचं तर विचारू नका. ब्रिटनमध्ये 1970 च्या आसपासपर्यंत अपस्माराच्या कारणावरून लग्न रद्द ठरवता येत असे. अमेरिकेतल्या काही राज्यांत अपस्मार असलेल्यांना लग्नच करता येत नव्हतं, असा शेवटचा कायदा 1980 मध्ये गेला. भारतात हिंदू विवाह कायद्याच्या अटींमध्ये 'वेड किंवा अपस्मार' यांचे वारंवार झटके असे दोन शब्द शेजारी शेजारी बसवलेले होते. 1999 च्या दुरुस्तीनं त्यातला अपस्मार काढून टाकला. तेव्हा मी शाळेत होते. कायद्यातून शब्द गेला हे माझ्या घरात कुणालाही कळलं नाही, आणि पुढे कित्येक वर्षं आई त्याच भीतीत राहिली. माझं लग्न झालं आहे. नवऱ्याला मी दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं, त्यानं विचारलं, "फिट आली तर मी काय करायचं?" आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी हा प्रश्न विचारत होतं.

हा प्रश्न इतका कमी का विचारला जातो, याचं मला वाईट वाटतं. जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट निदान आणि उपचार मिळाले तर त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स पूर्ण थांबू शकतात. आणि गरीब देशांत चारातल्या तिघांना हवा तो उपचारच मिळत नाही. फेनोबार्बिटल हे औषध 1912 पासून वापरात आहे, आणि स्वस्त आहे. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं औषध असूनही माणूस आणि औषध यांची गाठ पडत नाही. यातला काही भाग पैशांचा आहे, डॉक्टरांच्या कमतरतेचा आहे. काही भाग माझ्या त्या डबीचा आहे.

जॉन्टी ऱ्होड्सनं 1992 च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करताना स्टंपवर झेप घेतली, ते चित्र माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवतं. त्याला अपस्मार आहे आणि तो ते मोकळेपणानं सांगत आला आहे, हे मात्र मला तिशी उलटल्यावर कळलं. टोनी ग्रेगलाही होता. चौदाव्या वर्षी हे मला कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

शिक्षिका म्हणून मला सर्वात जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या फिट्सची. लोकांच्या डोळ्यांपुढे फिट म्हटलं की जमिनीवर आपटणारं शरीर येतं. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे पाचवीत एक मुलगी होती. वाचायला उभी केली की वाक्याच्या मध्येच थांबायची. पापण्या जराशा फडफडायच्या, नजर रिकामी व्हायची. आठ-दहा सेकंदांनी ती पुढचा शब्द वाचायला लागायची, जणू मध्ये काही झालंच नाही. तिच्या वहीत मी पाहिलं, शुद्धलेखनात मधले मधले शब्द गायब होते, आणि एके ठिकाणी पेन्सिलीची रेघ ओळ सोडून खाली घसरत गेली होती. आधीच्या वर्गात तिच्या प्रगतिपुस्तकावर शेरा होता, "लक्ष नसते." त्यासाठी तिला बाकावर उभं केलं गेलं होतं. मी मोजलं, एका तासिकेत पाच वेळा झालं. या फिट्स लहान मुलांमध्ये येतात, दिवसात कितीतरी वेळा येऊ शकतात, आणि मुलाला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

तिच्या आईवडिलांना बोलावलं. शब्द फार जपून वापरले. तरी वडील उठून उभे राहिले. "आमच्या मुलीला वेडाबिडाचं काही नाही. तुम्ही गणित शिकवा." आई काही बोलली नाही, पण जाताना दारात थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी मी घरी येऊन खूप विचार केला. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, एक सोडून. दुसऱ्या दिवशी त्या आईला फोन केला आणि म्हटलं, "ताई, मला स्वतःला अपस्मार आहे. चौदा वर्षांची असल्यापासून. मी शिकले, नोकरी करते, माझी मुलगी चौथीत आहे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "कुठल्या डॉक्टरांकडे जायचं?" मेंदूचा आलेख काढला, औषध सुरू झालं. दोन महिन्यांनी तिच्या शुद्धलेखनात सलग ओळी होत्या. ती वही मी शेवटच्या पानापर्यंत चाळली.

त्या फोननंतर मी गोळ्या मूळ पाकिटात ठेवायला लागले. मुख्याध्यापकांना सांगितलं. नंतर वर्गाला सांगितलं. मुलांना मी तीन-चार गोष्टी शिकवते आणि त्या त्यांना मोठ्या माणसांपेक्षा पटकन कळतात: घड्याळ बघायचं, आसपासच्या टोकदार वस्तू हलवायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ बाहेर येईल. तोंडात काही घालायचं नाही, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. दाबून धरायचं नाही. पाच मिनिटं होऊनही थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर रुग्णवाहिका बोलवायची. कुणाला पहिल्यांदाच आली असेल, मार लागला असेल, पाण्यात आली असेल, बाई गरोदर असेल तर पाच मिनिटांची वाट बघायची नाही. आणि माणूस शुद्धीवर येताना गर्दी करायची नाही, एकानं शेजारी बसून शांतपणे सांगायचं की तू अमुक ठिकाणी आहेस, मी इथे आहे. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण परत येण्याची ती पाच-दहा मिनिटं फार एकटी असतात.

26 मार्चला जगभर अपस्मारासाठी जांभळा दिवस पाळतात. 2008 मध्ये कॅनडातल्या कॅसिडी मेगन या नऊ वर्षांच्या मुलीनं तो सुरू केला. आपल्यासारखं दुसरं कुणीच नाही, असं तिला वाटायचं. यंदा त्या दिवशी मी पहिल्यांदाच स्टाफरूममध्ये सगळ्या शिक्षकांसमोर बोलले. चमच्याबद्दल बोलताना सरांकडे बघायचं टाळलं. सगळे गेले, सर मात्र बसून राहिले. म्हणाले, "मॅडम, तो दात..."

मी हो म्हटलं.

ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, सर."

"वाटलं असतं. पण या चार वर्षांत तुम्हाला परत आली असती, तर मी परत तोच चमचा घेऊन आलो असतो. किंवा दुसऱ्या कुणाच्या तोंडात घातला असता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना जपत होते असं मला वाटत होतं, आणि त्या जपण्यात मी त्यांना काही शिकूच दिलं नव्हतं.

सर उठले, दोन खुर्च्या बाजूला सारल्या आणि म्हणाले, "दाखवा मला. नीट." मी खाली आडवी झाले. सर गुडघ्यांवर हात टेकत सावकाश बसले. त्यांनी आपलं जाकीट घडी करून माझ्या डोक्याखाली सरकवलं, माझा एक गुडघा दुमडला, खांद्याला आणि कमरेला धरून मला कुशीवर वळवलं. पहिल्यांदा हात अंगाखाली अडकला, म्हणून परत केलं. मग म्हणाले, "आता दोन मिनिटं घड्याळ लावून बघतो. नुसतं बसून राहायला जमतं का ते मला बघायचंय." मी डोळे मिटून घेतले. बाहेर मैदानावर मुलांचा आवाज चालू होता.

"एक मिनिट," सर म्हणाले.

तेवढ्यात दारात शिपाई मावशींच्या हातातली बादली खण्णकन खाली टेकली. "अगंबाई, काय झालं मॅडमना?"

"काही नाही झालं," सर घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. "या, इकडे बसा. तुम्हीपण बघून ठेवा. अजून एक मिनिट आहे."